चारशेवीस निवृत्त झाले!

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथील सर्वसामान्य श्रोत्यांसाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)

१ जुलै २०२४ रोजी या देशातील एक अत्यंत लोकप्रिय क्रमांक सेवानिवृत्त झाला. निरोप समारंभ झाला नाही, शाल-श्रीफळ नाही, की गौरवपर चार शब्द बोलायला कोणी अध्यक्ष उभे राहिले नाहीत. फसवणूक करणाऱ्या प्रत्येकाला ज्याने दीडशेहून अधिक वर्षे आपले नाव बहाल केले, ते भारतीय दंडविधानाचे कलम ४२० त्या दिवशी पायउतार झाले. १८६० साली संमत झालेले हे दंडविधान १ जानेवारी १८६२ पासून लागू होते. कायद्याचे एकही पुस्तक न उघडलेल्या माणसालाही त्यातील हे एक कलम मुखोद्गत असे. राज कपूर यांनी १९५५ साली त्याच्या नावाचा चित्रपट काढला आणि त्याला 'श्री' ही उपाधी लावून सन्मानितही केले.

त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात एकूण कलमेच ३५८. त्यामुळे पंक्तीत चारशेविसाव्या पाहुण्यासाठी पाटच उरला नाही. फसवणुकीचा कारभार आता कलम ३१८ पाहते. "तो मोठा तीनशेअठरा आहे हो" असे एखाद्याविषयी म्हणून पाहावे. ऐकणाऱ्याला ती स्तुतीच वाटेल. कलम ३०२ची तर आणखी गंमत. जुन्या चित्रपटांतील न्यायाधीश ज्या क्रमांकाचा उच्चार करून फाशी सुनावत, तो क्रमांक नव्या संहितेत धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या शब्दांना मिळाला आहे, आणि खुनाची शिक्षा कलम १०३मध्ये गेली आहे. अर्थात १ जुलै २०२४पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच दंडविधानानुसार चालतात. म्हणजे निवृत्तीनंतर मानधनावर कचेरीत येणाऱ्या जुन्या कारकुनासारखे चारशेवीस अजूनही न्यायालयात दिसते.

क्रमांक बदलला, पण फसवणारा बदलला नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की, फसणाराही बदलला नाही. फसवणाऱ्यासाठी संहिता आहे, पोलीस आहेत, न्यायालय आहे. हे व्याख्यान फसणाऱ्यासाठी आहे.

कुंभारीतच का?

कायद्याच्या गप्पा कुठेही मारता येतात. परंतु कुंभारीत त्यांना विशेष अर्थ आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावाच्या माळावर २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वसाहतीला गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले गेले. गोदूताई वारली आदिवासींच्या लढ्यासाठी सर्वांना ठाऊक आहेत. त्या कायद्याच्याही पदवीधर होत्या, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा 'रे नगर' प्रकल्प आखला गेला आणि त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पित झाली. पंतप्रधान आवास योजनेत घर कुटुंबातील स्त्रीच्या नावाने किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने असावे, असा दंडक आहे.

म्हणजे महाराष्ट्रात जिथे हजारो कष्टकरी स्त्रियांच्या नावाने घराचा कागद झाला आहे, अशी ही भूमी आहे. सूप मांडीवर घेऊन, तेंदूपत्ता कापून, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून ज्यांनी हप्ते भरले, त्यांच्या हाती आयुष्यात प्रथमच 'मालमत्ता' नावाची वस्तू आली. आणि मालमत्ता आली की तिच्यापाठोपाठ दोन पाहुणे न बोलावता येतात. एक सल्लागार आणि दुसरा नातलग. पुष्कळदा ते दोघे एकच असतात.

तेव्हा अशा घराचे रक्षण कशाने होते? याज्ञवल्क्यांनी आपल्या स्मृतीत मनुष्याच्या हाती असलेली तीन प्रमाणे सांगितली आहेत : लेख, भुक्ती आणि साक्षी. लेख म्हणजे कागद, भुक्ती म्हणजे ताबा, आणि साक्षी म्हणजे पाहिलेले सांगणारा. या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही विख्यात टीका विज्ञानेश्वरांनी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहिली ती कल्याणीस, म्हणजे सोलापूरहून हैदराबादच्या वाटेवरील आजच्या बसवकल्याणास. शास्त्र इतके शेजारचे आहे. नव्या संहितांचे क्रमांक पाठ नसले तरी चालेल. ही तीन प्रमाणे पाठ असली म्हणजे पुष्कळ काम होते.

लेख : सही करण्यापूर्वीचा क्षण

आपल्याकडे कागदाविषयी दोन टोकाच्या श्रद्धा आहेत. एक, "आपल्या माणसांत कागद कशाला?" आणि दुसरी, "स्टँपपेपरवर लिहिले म्हणजे झाले पक्के!" या दोहोंच्या मधल्या फटीत असंख्य घरे पडली आहेत.

स्टँपपेपरवर गावातल्या कुणी सुवाच्य अक्षरात लिहिले, नोटरीने लाल शिक्का मारला, म्हणजे घर विकत मिळाले, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः शंभर रुपयांहून अधिक मोलाच्या स्थावराची खरेदी १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. नोटरीचा शिक्का हा सही कुणी केली ते सांगतो, मालक कोण ते सांगत नाही. केवळ मुखत्यारपत्रावर आणि करारावर घर 'विकत' घेणाऱ्यांना मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या 'सूरज लॅम्प' निकालात निःसंदिग्ध सांगितले. ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्रात अनेक दस्तांचे किमान मुद्रांक शुल्क शंभर रुपयांवरून पाचशे झाले. भ्रमाची किंमत पाचपट वाढली. भ्रम तेवढाच राहिला.

दुसरा गोड भ्रम म्हणजे 'नॉमिनी'. बँकेच्या अर्जावर ज्याचे नाव लिहिले तो पैशाचा धनी, असे घरोघरी मानले जाते. मग थोरल्याचे नाव लिहिले म्हणून धाकटी सून रुसते आणि वर्षभर भाकरी थापताना भांडी जरा जास्त वाजतात. खरे पाहता नामनिर्देशित व्यक्ती ही सामान्यतः विश्वस्त असते. बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यावेत, एवढेच ते नाव सांगते. ते पैसे शेवटी कुणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र सांगते. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या संपत्तीविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी कंपन्यांच्या शेअरबाबत हेच सांगितले. साऱ्या महाराष्ट्राला तिथी-मुहूर्त सांगणाऱ्या घराण्याच्या निमित्ताने नॉमिनीचाही निर्णय झाला, हा योगायोग लक्षात ठेवायला सोयीचा आहे. आयुर्विम्यात मात्र २०१५पासून अपवाद आहे. तिथे आई-वडील, पती-पत्नी व मुले यांना नॉमिनी केले, तर त्यांना लाभाचा हक्कच मिळतो.

मग घर खरोखर कुणाला जाते? इथे हसणे क्षणभर बाजूला ठेवावे लागेल.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्यानुसार हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता प्रथम मुलगे, मुली आणि पती यांच्याकडे जाते. ते कुणीच नसतील तर? तिने स्वतः कमावलेली मालमत्ता पतीच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. लग्नानंतर तीनच महिन्यांत पती वारला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आई-वडिलांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, तिने पै-पै साठवली. मृत्युपत्र मात्र केले नाही. तिच्या मृत्यूनंतर तिची ती कमाई, ज्या घराने तिला हाकलले त्याच घराच्या नातलगांना मिळाली. न्यायालयाने म्हटले, कायदा स्पष्ट असता सहानुभूतीने निर्णय बदलता येत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले, त्यामागची तळमळ या एका उदाहरणातून कळते.

आणि मृत्युपत्राला लागते काय? साधा कागद. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. केली तर उत्तम. लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि तो पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याला घर मिळायचे त्यालाच साक्षीदार करू नये, हे शहाणपण. मन बदलले तर कितीही वेळा नवे करावे, शेवटचे खरे. 'मृत्युपत्र' हा शब्दच अभद्र वाटतो म्हणून पुष्कळजण टाळतात. पण मृत्युपत्र केल्याने कुणी मेल्याचे ऐकिवात नाही, आणि न केल्याने कुणी अमर झाल्याचेही नाही.

आता हक्कसोडपत्र. 'मिताक्षरे'च्या परंपरेत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क असे. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून तो मुलींनाही दिला, पण त्या दिवशी अविवाहित असलेल्यांनाच. देशभर हा हक्क ९ सप्टेंबर २००५पासून आला. आणि वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मसिद्धच आहे, हे ११ ऑगस्ट २०२०च्या निकालाने ठरले. कायदा इतका पुढे गेला. घरात काय होते? भाऊबीजेला बहीण येते. ओवाळणीत साडी असते आणि साडीच्या घडीखाली एक कागद असतो. "आक्का, तलाठी मागतोय, नुसती सही कर." आक्का सही करते, कारण माहेरचा उंबरा तिला हवा असतो. आक्काने हक्क सोडणे हा अपराध नाही. कुणी समजून-उमजून, राजीखुशीने सोडला तर त्यात औदार्य आहे. परंतु न वाचता सोडलेल्या हक्काला औदार्य म्हणत नाहीत. साडीची किंमत विचारून घेणाऱ्या बहिणीने कागदाची किंमतही विचारून घ्यावी.

भुक्ती : कुंभारणीच्या घरातला किडा

दुसरे प्रमाण ताब्याचे. "कुंभारणीच्या घरातला किडा कुंभारणीचा झाला" अशी एक म्हण आहे. घरात शिरलेला हळूहळू घरचाच होतो, हे तिचे मर्म. कायद्यात याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. १९६३च्या मुदत कायद्यानुसार कुणी बारा वर्षे सलग, उघडपणे आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारून जागा बळकावून बसला आणि मालक स्वस्थ राहिला, तर मालकाचा हक्क मावळतो. सरकारी जागेसाठी हीच मुदत तीस वर्षांची आहे.

पण या बारा वर्षांचा लोकांनी फारच सोयीचा अर्थ काढला आहे. भाडेकरू बारावे वर्ष लागताच घरमालकाकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागतो, आणि घरमालक अकराव्या वर्षीच घाबरून भाडेकरूला पिटाळतो. दोघांनीही शांत व्हावे. जो मालकाच्या परवानगीने राहतो, मग तो भाडेकरू असो, पुतण्या असो की राखणदार, त्याचा ताबा प्रतिकूल नसतोच. परवानगीने राहिलेली बारा वर्षे काय, नि चोवीस काय, त्यांनी मालकी मिळत नाही. मात्र परवानगी होती, हे सिद्ध कशाने करणार? पुन्हा कागदाने.

इथे 'अकरा महिन्यांचा मंत्र' आठवतो. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी नको, असे छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक चौकात भेटतात. महाराष्ट्रात हे खरे नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो वा अकरा वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवला नाही, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. म्हणजे दोन-चार हजार वाचवणारा मालक स्वतःच्या घराची कथा भाडेकरूच्या तोंडून ऐकायला बसतो. योजनेतून मिळालेली घरे भाड्याने देण्यापूर्वी तर वाटपपत्रावरील अटी आधी वाचाव्यात. त्या बारीक अक्षरात असतात, पण लागू ठळकपणे होतात.

साक्षी : खिशातला साक्षीदार

तिसरे प्रमाण साक्षीचे. पूर्वी भांडण झाले की पारावरचे चौघे साक्षीला असत आणि तारीख आली की त्यांपैकी तिघांना ताप येई. आता साक्षीदार खिशात असतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने ध्वनिचित्रफिती, संदेश आणि अन्य इलेक्ट्रॉनिक नोंदी दस्त म्हणून स्वीकारल्या आहेत. मात्र त्यांच्यासोबत कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांना बंधनकारक केले आहे.

तक्रारीचेही तसेच. "घटना आमच्या हद्दीत नाही" हे वाक्य ऐकून कितीतरी माणसे एका ठाण्याच्या पायरीवरून दुसऱ्या ठाण्याच्या पायरीकडे गेली. नव्या संहितेच्या कलम १७३नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मग तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदवलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते, आणि तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

पण हाच खिशातला साक्षीदार कधी कधी दरोडेखोर होऊन येतो. दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेशातला मनुष्य दिसतो. मागे राष्ट्रध्वज, टेबलावर टोपी. "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले. तुम्हाला डिजिटल अटक केली आहे. खोलीबाहेर पडायचे नाही, कुणाशी बोलायचे नाही, पैसे या खात्यात पाठवा." सुशिक्षित, निवृत्त, आयुष्यभर हिशेब तपासलेली माणसेही घाबरून संपूर्ण पुंजी पाठवून मोकळी झाली आहेत.

बंधुभगिनींनो, 'डिजिटल अटक' नावाची वस्तू या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ अटक कशी करावी ते सांगते : व्यक्तीला प्रत्यक्ष स्पर्श करून वा रोखून धरून, किंवा ती स्वतः ताब्यात आल्यास तशी. या साऱ्यात पोलीस समोर उभा असणे गृहीत आहे. स्त्रीला अटक करताना सामान्यतः महिला पोलिसाखेरीज कुणी स्पर्श करायचा नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी तर अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्याने आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीनेच. तेव्हा रात्री दहा वाजता पडद्यातून अटक करणाऱ्या साहेबांना एवढेच म्हणावे, "साहेब, घरी या, चहा ठेवते." साहेब येत नाहीत. फोन ठेवावा आणि पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची आशा असते. नंतर ते वरातीमागून घोडे ठरते.

भीड ही भिकेची बहीण

तिन्ही प्रमाणे पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. या साऱ्या प्रसंगांत माणूस कायद्याच्या अज्ञानाने जेवढा फसतो, त्याहून अधिक भिडेने फसतो. वाचायला मागितले तर भावाला काय वाटेल, करार नोंदवा म्हटले तर भाडेकरूला काय वाटेल, फोन ठेवला तर 'साहेबां'ना काय वाटेल! "भीड ही भिकेची बहीण" असे आपल्या आजीने सांगितले, तेव्हा तिने कायद्याचे अर्धे पुस्तकच सांगून टाकले होते. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. कागद असला म्हणजे विश्वासाची परीक्षा घ्यावी लागत नाही, आणि भाऊ भाऊच राहतो.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हीदेखील आजीचीच शिकवण. ती आजही खरी आहे. परंतु तिचा अर्थ अन्याय सोसावा असा नाही. पायरी चढण्याची वेळ येऊ नये इतका कागद आधीच नीट ठेवावा, असा आहे. आणि वेळ आलीच, तर पायरी पूर्वीइतकी दूरही नाही. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. लोकअदालतीत प्रकरण मिटले, तर भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि त्यावर अपील नसते. म्हणजे भांडण खरोखर संपते, जे आपल्या काही नातलगांना मुळीच आवडत नाही.

विडी जमा करून घेणारा तपासनीस एकेक विडी बोटांत फिरवून पाहतो. तोंड नीट वळले नसेल, पान फाटले असेल, तर ती बाजूला काढतो; तिथे तो कुणाची भीड धरत नाही. आयुष्यभर ती नजर ज्यांनी सोसली, त्या कुंभारीच्या माता-भगिनींना ती नजर उसनी आणावी लागणार नाही. समोर कागद आला की तीच त्यावर फिरवावी. वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आणि मगच अंगठा उचलावा.

चारशेवीस निवृत्त झाले, तीनशेअठरा रुजू झाले, त्यालाही कधी तरी निवृत्त व्हावे लागेल. घर मात्र आपले आहे. ते तेवढे जपावे.